शेततळ्यांतील प्राणवायूचें मोजमाप व त्यावर हवामानाचा परिणाम

पावसाचें पाणी सांठवून उन्हाळ्यांत फळबागेस द्यावें या हेतूनें आपल्या इकडील शेतकरी वर्गानें ठिकठिकाणीं शेततळीं खोदलीं आहेत. सन २०१६ मध्यें राज्य सरकारनें 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढल्यापासून तर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलीं तळीं ओसाड माळरानावरही दिसूं लागलीं. पाणी आहेच, तर त्यांत रोहू, कटला, मृगळ किंवा तिलापिया सोडून चार पैसे जोडावेत हा विचार ओघानेंच आला, व तो चांगलाही आहे. परंतु या धंद्यांत पडलेल्या बंधूंकडून एक तक्रार वारंवार आमच्या कानांवर येते. ती अशी कीं, पाणी रीतसर तपासून घेतलें होतें, त्यांत प्राणवायु भरपूर आहे असा दाखलाही मिळाला होता, आणि तरीही आठ दिवसांच्या आंत एका सकाळीं सगळें तळें मेलेल्या माशांनीं पांढरें झालें. दाखला खोटा होता काय? बहुधा तो खरा असतो. मात्र ज्या घटकेस पाणी घेतलें त्या घटकेपुरताच खरा असतो. हें असें कां होतें, व मोजणारानें कोणकोणत्या गोष्टी ध्यानांत धरल्या पाहिजेत, तें वाचकांपुढें मांडावें असें आम्ही योजिलें आहे.

आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हों. व्हर्नाक्युलर शाळेंतून निघून महसूल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेलें. पण मोजमाप म्हटलें कीं तें कोणीं केलें, कोठें केलें, केव्हां केलें आणि कशानें केलें हें आधीं विचारावयाचें, ही संवय त्या नोकरीनें अंगीं बाणली, आणि ती या विषयांत उपयोगीं पडते असा आमचा अनुभव आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पाण्यांतील प्राणवायूची शिल्लक फारच थोडी असते. एका शाळकरी मुलानें आम्हांस विचारलें, पाणी जर प्राणवायु व हायड्रोजन यांचेंच बनलेलें आहे, तर माशाला त्याची वाण कां पडावी? प्रश्न चांगला आहे. पाण्याच्या घडणींत बांधला गेलेला प्राणवायु माशाच्या कल्ल्यांस सोडवून घेतां येत नाहीं. साखर जशी चहांत विरघळते तसा जो प्राणवायु मोकळेपणीं विरघळलेला असतो तेवढाच त्याचा. आपण श्वासांत घेतों त्या हवेच्या एका लिटरांत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायु असतो. एका लिटर गोड्या पाण्यांत आपल्या हवामानांत तो सात-आठ मिलिग्रॅम असला म्हणजे पाणी भरलें म्हणावयाचें. माशाची कोठी आपल्या कोठीच्या तिसाव्या हिश्श्याएवढीही नाहीं, आणि ज्याच्या घरांत एकाच दिवसाचे दाणे आहेत त्याला एका दिवसाचा उशीरही सोसत नाहीं. लिटरमागें ५ मिलिग्रॅम किंवा अधिक असतां हे मासे नीट खातात व वाढतात. ३ च्या खालीं आलें कीं खाणें टाकतात व रोगास बळी पडूं लागतात. १ च्या खालीं कांहीं तास राहिलें तर मरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें मत्स्यपालनाच्या पाण्यास किमान ४ व स्नानाच्या पाण्यास किमान ५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. यापुढें आम्ही जे नुसते आंकडे देऊं ते लिटरमागें मिलिग्रॅम असे समजावेत.

आतां पाण्यांत किती प्राणवायु मावूं शकतो हें मुख्यत्वेंकरून तीन गोष्टींवर ठरतें: पाण्याचें उष्णमान, हवेचा भार व पाण्यांतील मीठ.

उष्णमानाची गोष्ट घरांतील प्रत्येक गृहिणीनें पाहिलेली आहे. चुलीवर पातेलें ठेवलें म्हणजे उकळी फुटण्याच्या पुष्कळ आधीं भांड्याच्या अंगास बारीक बुडबुडे धरतात. ते पाण्यांतून हुसकलेल्या हवेचे होत. समुद्रसपाटीच्या गांवीं गोडें पाणी शून्य अंशावर १४.६, २० अंशांवर ९.१, २५ अंशांवर ८.३, ३० अंशांवर ७.६ व ३५ अंशांवर सुमारें ७ इतकाच प्राणवायु धरूं शकतें. म्हणजे वैशाखांत तापलेल्या तळ्याची कोठीच मुळीं लहान झालेली असते. दुसऱ्या बाजूनें, पाणी दहा अंश तापलें तर त्यांतील जीवांचा प्राणवायूचा खर्च स्थूलमानानें दुप्पट होतो. उत्पन्न घटलें आणि खाणारीं तोंडें वाढलीं असा हा प्रकार आहे. म्हणून प्राणवायूच्या आंकड्याबरोबर पाण्याचें उष्णमान लिहिलेलें नसेल तर तो आंकडा अर्धाच समजावा. ७ हें माप ३५ अंशांवर घेतलें असेल तर पाणी पूर्ण भरलेलें आहे. तेंच २० अंशांवर असेल तर जवळ जवळ चौथाई जागा रिकामी आहे, आणि ती कोणी रिकामी केली याचा शोध घेणें प्राप्त होतें.

हवेच्या भाराचा नियम इंग्लंडांत विल्यम हेन्री यानें सन १८०३ मध्यें मांडला. पाण्यावर वायूचा दाब जितका, तितक्या प्रमाणांत तो पाण्यांत विरघळतो. आपण जसजसे घाट चढतों तसतसा हवेचा भार उतरतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. तेथें हा भार पाऱ्याच्या सुमारें ७१० मिलिमीटर भरतो, तर मुंबईस तो ७६० च्या जवळपास असतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांवर. यामुळें २५ अंशांचें जें गोडें पाणी मुंबईस ८.३ धरतें तेंच पुण्यास ७.७ व महाबळेश्वरास ७ धरील. पाणी तेंच, उष्णमान तेंच, तरी आंकडा निराळा; यांत पाण्याचा दोष कांहीं नाहीं.

येथें एक खांच आहे ती सांगून ठेवतों. यंत्रानें मोजणारांस यंत्र लावून घेतांना हवेचा भार त्यास सांगावा लागतो, व पुष्कळ जण तो मोबाईलवर पाहून सांगतात. हवामानाच्या पत्रकांतील भार सामान्यतः समुद्रसपाटीस आणून दिलेला असतो. गांवोगांवच्या भारांची तुलना करतां यावी म्हणून तशी चाल पडली आहे. तो आंकडा पुण्याच्या तळ्यावर वापरला तर यंत्र शेंकडा सहा-सात अधिक दाखवूं लागेल. एवढ्या फरकानें मासा मरत नाहीं, तेव्हां सामान्य शेतकऱ्यानें त्याची फार चिंता करूं नये असें आमचें मत आहे. पण सहीशिक्क्याचा दाखला देणारानें मात्र ही हयगय करूं नये.

मिठाचा विचार देशावरील वाचकांस फारसा लागणार नाहीं. कोंकणांतील खाजणांत कोळंबी पाळणारांस तो रोजचा आहे. खारें पाणी प्राणवायूस कमी जागा देतें. ३० अंशांवर गोडें पाणी ७.६ धरीत असतां समुद्राचें पाणी सुमारें ६.२ धरतें, म्हणजे जवळ जवळ षष्ठांश कमी. गंमत अशी कीं, आजकालच्या यंत्राची टोंकाकडील कांडी प्राणवायूचें वजन मोजीत नाहीं, त्याचा दाब मोजते, आणि मग कोष्टकावरून वजन काढते. पाणी खारें आहे हें तिला आपण सांगितलें नाहीं तर ती गोड्या पाण्याचें कोष्टक लावते व जास्त आंकडा दाखवते. भरती-ओहोटीनें व पहिल्या पावसानें खाजणांतील खारटपणा दिवसादिवसाला बदलतो, यास्तव तेथें खारटपणा आधीं मोजून मगच प्राणवायु मोजावा. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें पाणी इतकें खारें व क्षारयुक्त आहे कीं सन २०२० च्या जून महिन्यांत त्यांतील क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें तें गुलाबी झालें. अशा पाण्यास गोड्या पाण्याचें कोष्टक लावणें म्हणजे कोंकणांतील भाताची आकारणी वऱ्हाडांतील कापसास लावण्यासारखेंच होय.

परंतु आपल्या तळ्यांत मासे मारणारी गोष्ट या तिहींहून निराळी आहे. ती म्हणजे दिवसाची वेळ.

शेततळ्याचें पाणी हिरवट दिसतें तें त्यांतील सूक्ष्म शेवाळामुळें. खाद्य व शेणखत यांच्या योगानें तें जोमानें वाढतें. सूर्य असेपर्यंत हें शेवाळ प्राणवायु तयार करतें, आणि इतका करतें कीं दुपारीं दोन-चार वाजतां पाण्यांत मावेल त्याहूनही अधिक, दीडपटीपर्यंत व कधीं कधीं त्याच्याही पलीकडे, प्राणवायु दाटलेला असतो. १२ किंवा १४ असे आंकडे त्या वेळीं सहज निघतात. सूर्य मावळला कीं कारखाना बंद. मग तेंच शेवाळ, मासे, तळाच्या गाळांतील जंतु व उरलेलें खाद्य कुजविणारे सूक्ष्म जीव हे सर्व मिळून रात्रभर शिलकेवर हात मारतात. सर्वांत कमी माप निघतें तें सूर्योदयाच्या किंचित् आधीं. ज्या तळ्यांत दुपारचें माप जितकें उंच, त्यांत पहांटेचें माप पुष्कळदां तितकेंच खोल. कारण दोहोंचें मूळ एकच, दाट शेवाळ. म्हणून दुपारचा १३ चा आंकडा पाहून हर्ष मानणारा मनुष्य घराचें दिवाळीचें रूप पाहून सावकाराच्या वहीकडे दुर्लक्ष करणाऱ्यासारखा आहे.

आभाळाचा यांत मोठा हात असतो. श्रावणांत तीन-चार दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं तर दिवसाची कमाई घटते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. पहिल्या दिवशीं कांहीं दिसत नाहीं, तिसऱ्या-चौथ्या पहांटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळूं लागतात. त्याहून घातकी म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरचा वळीव. तापलेल्या तळ्यांत वरचें पाणी उष्ण व हलकें, खालचें थंड व जड, असे दोन थर पडलेले असतात, व खालच्या थरांत प्राणवायु नांवालाच असतो. जोराच्या वाऱ्यानें आणि थंड पावसानें वरचें पाणी जड होऊन खालीं बसतें, तळ ढवळला जातो, व तळाचें नासलेलें पाणी सगळ्या तळ्यांत मिसळतें. संध्याकाळीं पाऊस पडला म्हणून शेतकरी आनंदानें झोंपतो आणि सकाळीं डोकें धरून बसतो. कधीं कधीं आभाळानें नव्हे तर एकाएकीं मेलेल्या शेवाळानें हेंच होतें. हिरवें पाणी दोन दिवसांत तपकिरी झालें तर तसें समजावें.

याच संबंधांत आमच्या पाहण्यांतील एक प्रकरण सांगण्यासारखें आहे. बांधाला बांध असलेले दोन चुलतभाऊ. धाकट्याच्या तळ्यांतील मासे एका सकाळीं मेले. त्यांच्यांत वहिवाटीच्या वाटेवरून आधींच बोलाचाली होती, व आदल्या दिवशीं थोरल्यानें आपल्या डाळिंबावर फवारणी केली होती. अकराच्या सुमारास शहरांतून यंत्र घेऊन आलेल्या गृहस्थांनीं पाणी मोजलें, तों प्राणवायु ८ च्या वर. मग काय, प्राणवायूनें मेले नाहींत तर विषानेंच मेले, असा निष्कर्ष ओट्यावर बसलेल्या मंडळींनीं काढला. धाकटा आमच्याकडे फिर्यादीचा कागद लिहून घेण्यास आला. "भाऊसाहेब, औषध टाकल्यावांचून एका रात्रींत इतके मासे मरतात होय?" असें त्याचें म्हणणें. थोरला दारांत उभा राहून एवढेंच बोलला, "मी टाकलें असेल तर या पाण्यांत मीच बुडेन." कागद लिहावयास आम्हांस अर्धा तास लागला असता, आणि त्या घराच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्यांवर गेल्या असत्या.

आम्हीं त्यास दोन गोष्टी विचारल्या. मेलेल्यांत मोठे मासे किती, लहान किती? मोठे जवळ जवळ सारे, बोटभर लांबीचे बरेच जिवंत. पाण्यावरचे किडे, बेडकांचीं पिलें? जिवंत. विषानें बहुधा लहान जीव आधीं जातात. प्राणवायूच्या तुटीनें मोठा मासा आधीं जातो, कारण त्याचा खर्च मोठा. मग मत्स्यव्यवसाय खात्यांतील एका तरुण अधिकाऱ्यास विनंति करून दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां त्याच तळ्यावर माप घेवविलें. मासे गेलेले असतांही शेवाळ कायमच होतें. माप दीडच्या खालीं निघालें. दुपारीं तीन वाजतां त्याच जागीं, त्याच यंत्रानें, १२ च्या वर. दोन्ही भाऊ त्या वेळीं तळ्याच्या कांठावर हजर होते. फिर्याद झाली नाहीं. वाटेचा तंटा अद्याप चालू आहे, तो निराळा.

वाचकांनीं यावरून अशी समजूत करून घेऊं नये कीं मासे मेले म्हणजे दर वेळीं प्राणवायूच कारण असतो. औषधाचीं रिकामीं डबडीं तळ्यांत बुडवून धुणारे महाभाग आपल्यांत कमी नाहींत. परंतु पहांटेचें माप घेतल्यावांचून कोणावर आळ घालूं नये, आणि दुपारचें माप कोणाच्याही बाजूचा पुरावा म्हणून धरूं नये.

पहांटेची वाट पाहण्याची गरज नाहीं अशी एक रीत मत्स्यशास्त्रज्ञांनीं घालून दिली आहे, ती शेतकऱ्यानें अवश्य उचलावी. सूर्य मावळतांना एक माप घ्यावें व तीन तासांनीं दुसरें. जितकी घट झाली तितक्याच वेगानें ती पहांटेपर्यंत चालणार असें धरून हिशेब करावा. समजा, सहा वाजतां १० होतें व नऊ वाजतां ८ झालें. तीन तासांत २ गेले. उरलेल्या नऊ तासांत आणखी ६ जाणार. पहांटे सहा वाजतां २ उरणार. हा अंदाज आहे, वारा सुटला तर थोडें कमी-अधिक होईल. पण नऊ वाजतां हातांत आलेला अंदाज सहा वाजतां हातांत आलेल्या मेल्या माशापेक्षां केव्हांही बरा.

आतां प्रत्यक्ष मापाकडे वळूं. पाणी कोठून घ्यावें, यावरच निम्मा निकाल असतो. कांठावरून बादली फेंकून ओढलेलें पाणी कामाचें नाहीं, कारण बादलींत खळखळतांनाच तें हवेंतील प्राणवायु पितें, आणि उणें असलेलें माप भरून येतें; उलट दुपारच्या अति दाटलेल्या पाण्यांतील प्राणवायु त्याच खळखळीनें उडून जातो. वाऱ्यानें लाटा ज्या कांठास लागतात तेथील पाणी व आडोशाच्या कांठाचें पाणी यांतही फरक पडतो. वरच्या वीतभर पाण्याचें माप तळाजवळच्या पाण्यास लागूं पडत नाहीं. तीन मीटर खोल तळ्यांत निदान दोन खोलींचीं मापें घ्यावीं, एक हातभर खालचें व एक तळापासून हातभर वरचें. एरेटर चालू असतां त्याच्याजवळ माप घेणें म्हणजे ताटावर बसलेल्या माणसाची भूक तपासणें.

मोजण्याची जुनी व अजूनही विश्वासाची रीत म्हणजे हंगेरींतील लायोश विंक्लर या तरुण रसायनज्ञानें सन १८८८ मध्यें प्रसिद्ध केलेली. कांचेचें बूच असलेली तीनशे मिलिलिटरची बाटली नळीनें तळापासून भरीत जावी, दोन-तीन बाटल्यांइतकें पाणी ओसंडूं द्यावें, व आंत एकही बुडबुडा न ठेवतां बूच लावावें. मग बूच काढून प्रथम मँगॅनीज सल्फेटचें व नंतर दाहक क्षारांतील आयोडाइडचें द्रावण पाण्याच्या पातळीखालीं सोडावें. बूच लावून बाटली उलटसुलट केली कीं सांका धरतो. तो तपकिरी असेल तर प्राणवायु आहे, दुधासारखा पांढरा असेल तर पाणी मेलेलें आहे. एवढें नुसत्या डोळ्यांनीं कळतें, आणि पहांटे कंदिलाच्या उजेडांत तो पांढरा सांका ज्यानें एकदां पाहिला त्यास पुढें आंकडा विचारावा लागत नाहीं. सांका बसल्यावर गंधकाम्ल घालावें. तो विरघळून पाण्यास आयोडिनाचा पिवळा-तांबूस रंग येतो. त्यांतील दोनशे मिलिलिटर घेऊन ठराविक तीव्रतेचें हायपोचें द्रावण थेंबथेंब सोडावें, शेवटीं शेवटीं स्टार्चची खळ टाकून निळा रंग आणावा, व तो रंग ज्या थेंबास नाहींसा होईल तेथें थांबावें. ०.०२५ नॉर्मल द्रावण असेल तर जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायु, असा सोपा हिशेब आहे. गंधकाम्ल व दाहक क्षार हाताळतांना हातमोजे असावेत, हें सांगावयास नको. शेणखत जास्त झालेल्या तळ्यांत नायट्राइट असतें, व तें माप फुगवितें. त्यासाठीं अझाइड मिसळलेलें द्रावण मिळतें. तें विषारी आहे, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

या रीतींत हवामान कोठें शिरतें? बाटली भरल्यापासून सांका धरेपर्यंतच्या वेळांत. बाटलींत शेवाळ व जंतु जिवंतच असतात. ती उन्हांत राहिली तर शेवाळ आंतल्या आंत प्राणवायु वाढवितें. पिशवींत अंधारांत राहिली तर जंतु तो खाऊन टाकतात. तापली तर दोन्ही कामें जोरानें होतात. मोटारसायकलला बाटली बांधून तालुक्याच्या प्रयोगशाळेंत नेणें म्हणूनच निरर्थक आहे. पहिलीं दोन द्रावणें तळ्याच्या कांठावरच घालावीं. मग सांका धरलेली बाटली सावलींत ठेवून कांहीं तासांनीं पुढचें काम केलें तरी चालतें. बाटलींतील जंतु प्राणवायु खातात याच गोष्टीचा उपयोग करून सांडपाण्याची घाण मोजतात; पाश्चात्य देशांत ती बाटली २० अंशांवर पांच दिवस ठेवतात, तर आपल्या देशांतील मानकांत २७ अंशांवर तीन दिवस ठेवण्याची रीत मान्य केली आहे. आपलें पाणी तापलेलें, तेव्हां कसोटीही आपल्या हवेस जुळेल अशी.

यंत्रांचे दोन प्रकार बाजारांत मिळतात. एक पातळ पडद्याचें. तें अमेरिकेंतील लेलंड क्लार्क यांनीं सन १९५६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या रचनेवर बेतलेलें आहे, व ती रचना मुळांत रक्तांतील प्राणवायु मोजण्यासाठीं होती. हें यंत्र मोजतां मोजतां प्राणवायु खातें, म्हणून कांडी स्थिर धरली तर तिच्याभोंवतींचें पाणी रितें होऊन माप उतरत जातें. ती पाण्यांत सावकाश हालवीत राहावी. पडद्यांतून प्राणवायु झिरपण्याचा वेग उष्णमानानें फार बदलतो. यंत्र तो हिशेब स्वतः करतें, परंतु मोटारीच्या टपावर तापलेली कांडी पाण्यांत घालून लगेच आंकडा टिपणाराला तें तरी काय करणार? कांडी पाण्यांत पांच मिनिटें मुरूं द्यावी व आंकडा थांबला कीं मगच लिहावा. तळाच्या गाळांत कांडी खुपसूं नये. सडक्या अंड्याच्या वासाचा वायु तीस बिघडवितो. दुसरा प्रकार प्रकाशावर चालतो. त्यांतील एक द्रव्य निळ्या प्रकाशानें चमकतें व प्राणवायु जितका अधिक तितकी ती चमक लौकर विझते. तो प्राणवायु खात नाहीं, त्यामुळें हालवावें लागत नाहीं. किंमत मात्र जास्त. दोहींवरही तळ्यांत ठेवून दिल्यास आठवड्याभरांत शेवाळाचा थर चढतो, तो मऊ फडक्यानें पुसला पाहिजे. यंत्र लावून घेण्याची सोपी तऱ्हा अशी कीं, ओल्या फडक्याच्या किंवा स्पंजाच्या टोपींत कांडी सावलींत धरून तेथील दमट हवेस शेंकडा शंभर मानावें. उन्हांत हें करूं नये.

एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें यंत्र घ्यावें कीं नाहीं? एका तळ्याकरितां घेऊं नये असें आम्हांस वाटतें. थेंब मोजून रंग पाहण्याची लहान पेटी पुरे. गांवांत पांच-सात तळीं असतील तर सर्वांनीं मिळून एक यंत्र घ्यावें व तें एकाच माणसाच्या हातीं ठेवावें. दहा हातांत फिरणारें यंत्र पहिल्या पावसाळ्याअखेर खेळणें होतें.

आणि वही ठेवावी. पिकाची पैसेवारी आम्ही एकदांच पाहून ठरवीत नव्हतों. आधीं नजर अंदाजाची, मग सुधारित, मग अंतिम, अशी ती हंगामाबरोबर चालते, कारण उभें पीक रोज बदलतें. तळें तर तासागणिक बदलतें. वहींत तारीख, घटका, खोली, पाण्याचें उष्णमान, आभाळ, वारा, पाऊस, एरेटर चालू कीं बंद, आणि शेवटीं प्राणवायु, इतकीं घरें आंखावीं. पांढरी थाळी दोरीनें पाण्यांत सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तेंही लिहावें. वीतभर खोलीच्या आंतच ती नाहींशी होत असेल तर शेवाळ फार दाटलें आहे, खाद्य व खत त्याच दिवशीं थांबवावें. महिनाभर अशी वही ठेवली कीं स्वतःच्या तळ्याची प्रकृति कळते, आणि विम्याच्या किंवा भाऊबंदकीच्या प्रसंगीं तोंडी बोलण्यापेक्षां ती अधिक वजनदार ठरते.

रात्रीं नऊच्या हिशेबांत पहांटेचें माप ३ च्या खालीं उतरणार असें दिसलें तर एरेटर मध्यरात्रीच्या आधींच चालू करावा. तोंडें वर आल्यावर चालू केलेला एरेटर बहुधा उशिराच पोंचतो. शेतीची वीज पाळीपाळीनें येते, यास्तव डिझेलचा पंप तयार ठेवून तळ्याचेंच वरच्या थरांतील पाणी फवाऱ्यानें परत तळ्यांत मारण्याची सोय असावी. विहिरीचें पाणी सोडावयाचें तर तेंही उंचावरून पसरून सोडावें, कारण खोल विहिरीच्या पाण्यांत पुष्कळदां प्राणवायु फार थोडा असतो. दुसऱ्या दिवशीं ऊन चांगलें वर येऊन माप ४ च्या पुढें गेल्याशिवाय खाद्य टाकूं नये.